वाचक विचारतात : कबरीवरचं माहेर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की लेकीकडे एडिंबराला तीन महिने होते तेव्हा लोक जसे मॉल फिरतात तशी मी चर्चच्या आवारातली जुनी कब्रस्तानं फिरले आणि दगडांवरून घराणी कशी शोधतात ते तिथल्या हौशी म्हाताऱ्यांकडून शिकले. दोनच ओळी होत्या हो त्या! पण त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या उकडीच्या मोदकांच्या लेखालाही आली नव्हती. मुंबईत स्कॉटिश सुना, स्कॉटिश जावई आणि शिवडीत फिरणारी कॉलेजची पोरं एवढी असतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. पत्रं जागेअभावी थोडी छाटली आहेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझी सून स्कॉटिश आहे, डंडीजवळच्या गावातली. नातू आठ महिन्यांचा आहे. आमच्याकडे छापील कुलवृत्तांत आहे, नऊ पिढ्यांचा, पण पोराला आईकडचंही घराणं कळावं म्हणून मी व्याह्यांच्या मागे लागले तर त्यांनी गावच्या चर्चमधल्या एका जुन्या दगडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला. त्यावर नवऱ्याचं आडनाव एक आणि बायकोचं भलतंच. आमच्या ह्यांचं म्हणणं, लग्न झालेलं नसणार, उगाच विषय काढू नकोस. शिवाय खाली एका बाईच्या नावापुढे 'रेलिक्ट' असं लिहिलंय. विचारायची लाज वाटते. — एक आजी, गिरगाव

आजी, ह्यांना आधी सांगा की लग्न अगदी रीतसर झालेलं आहे! स्कॉटलंडात लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कायद्याने आणि कागदोपत्री चालू राहायचं, त्यामुळे दगडावर 'अमुक आणि त्याची पत्नी मार्गारेट तमुक' असं लिहितात, आणि ते तमुक म्हणजे तिच्या बापाचं आडनाव. रेलिक्ट म्हणजे विधवा, बस एवढंच. नवरा आधी गेला, ती मागे राहिली. इंग्लंडातल्या दगडांवर बहुतेक वेळा 'वरील गृहस्थांची पत्नी मेरी' एवढ्यावर भागवलेलं असतं, मेरी कोणाची कोण ते शोधत बसा. तुमच्या व्याह्यांच्या दगडाने तुम्हाला एका फोटोत दोन घराणी दिली आहेत. आणि खरं सांगू का, आपल्या कुलवृत्तांतांत काय असतं? चार मुलगे नावानिशी, त्यांच्या बायकांची सासरची बदललेली नावं, आणि मुलींच्या जागी कधीकधी नुसता आकडा. माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेर कुठलं ते आमच्या घरात आज कोणाला सांगता येत नाही, आणि तिकडे एका गिरणीवाल्याच्या बायकोचं माहेर अडीचशे वर्षं पावसात उभं आहे.

आता पुढे काय करायचं. दगडावरून थेट मागे उडी मारू नका, नातवापासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा, कारण त्या गावात त्याच आडनावाची दहा घरं असू शकतात आणि तुम्ही चुकीच्या घराच्या पूर्वजांना श्राद्धाला बोलवाल. स्कॉटलंडात जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली आणि ती सगळी स्कॉटलंड्सपीपल नावाच्या सरकारी साइटवर घरबसल्या बघता येते. शोधायला फुकट, नोंदीचं चित्र उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. अलीकडच्या नोंदींची चित्रं मात्र ऑनलाइन दिसत नाहीत, जन्माला १०० वर्षं, लग्नाला ७५ आणि मृत्यूला ५० झाली की मगच. तिथली मृत्यूची नोंद म्हणजे लॉटरी असते, तिच्यात मेलेल्या माणसाच्या आई आणि वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरच्या आडनावासकट. म्हणजे १८६० साली ऐंशीव्या वर्षी गेलेल्या म्हातारीच्या एका नोंदीवरून तुम्ही १७८० च्या आधी जन्मलेल्या तिच्या आईबापापर्यंत पोचता. आणि १८५५ ते १८६० या काळातल्या मृत्यूच्या नोंदीत पुरलं कुठे तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे कुठल्या आवारात दगड शोधायचा तो प्रश्नच मिटतो. फक्त एक लक्षात ठेवा, आईबापाची नावं सांगणारा माणूस कोण होता ते खाली लिहिलेलं असतं, जावई असेल तर त्याला सासूच्या आईचं नाव नीट माहीत असेलच असं नाही. आपल्या जावयांना विचारून बघा!

१८५५ च्या मागे गेलात की चर्चची जुनी रजिस्टरं, ती काही ठिकाणी १५०० च्या शतकापर्यंत मागे जातात पण त्यात दफनाच्या नोंदी फारच तुटक, कित्येक गावांत जवळजवळ नाहीतच. म्हणून तर दगडांना एवढं महत्त्व. तिथल्या हौशी मंडळींनी गावोगावची आवारं पालथी घालून १८५५ च्या आधीच्या दगडांवरचा मजकूर उतरवून यादीच करून ठेवली आहे. एडिंबरात १९५३ पासून चालू असलेली स्कॉटिश जिनिऑलॉजी सोसायटी आहे, तिच्याकडे या याद्या आहेत, जिल्ह्याजिल्ह्याच्याही वेगळ्या संस्था आहेत. व्याह्यांना तिथे एक मेल टाकायला सांगा, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणी उतरवून ठेवलेला मजकूर आज दगडावर शिल्लकच नाही असं पुष्कळदा होतं.

आणखी एक गंमत. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, अशी तिकडे रीत होती. सगळे पाळायचे असं नाही पण इतके पाळायचे की भावंडांची नावं क्रमाने लिहिली की आजी-आजोबांच्या नावांचा अंदाज बांधता येतो. अंदाजच हं, पुरावा नाही. आणि एकाच दगडावर दोन जॉन दिसले तर घाबरू नका, पहिला लहानपणी गेला की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. नाव चालू राहिलं पाहिजे.

हे सगळं झालं, पण माझं मुख्य सांगणं वेगळंच आहे. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. सगळ्यात वर बारीक अक्षरात काय आहे? 'इरेक्टेड बाय' आणि पुढे एका मुलाचं नाव. ती ओळ सगळे सोडून देतात आणि थेट नावं-सालं वाचायला लागतात. दगड कोणी बसवला, ते आधी. आईबाप गेल्यावर तीस वर्षांनी मुलाकडे पैसे आले आणि त्याने दगड बसवला तर त्यावरचं आईचं वय हे त्या मुलाच्या आठवणीतलं वय असतं. तुमचा दगड गुळगुळीत पॉलिशचा ग्रॅनिट आहे आणि त्यावर पहिला मृत्यू १७९० चा! अ‍ॅबर्डीनला वाफेच्या यंत्राने ग्रॅनिट पॉलिश करायला लागले ते १८३० च्या सुमाराला, त्याआधी गावाकडचे दगड बहुतेक वालुकाश्माचे. म्हणजे तुमचा दगड मुलाने नाही, बहुधा त्याच नावाच्या नातवाने बसवला आहे, आणि १७९० ही ऐकीव गोष्ट आहे. खरी असेलही. पण रजिस्टरमध्ये दोन-चार वर्षं मागेपुढे बघा.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, शिवडीच्या ख्रिस्ती कब्रस्तानात एका प्रोजेक्टसाठी जातो. एका दगडावर एका इंजिनियरचं नाव आहे, खाली 'नेटिव्ह ऑफ मॉन्ट्रोज, फॉरफरशायर, एन. बी.' मॅपवर फॉरफरशायर सापडत नाही. आणि एन. बी. म्हणजे काय? आमच्या युनिव्हर्सिटीच्या पेपरवर असतं तसं 'सूचना' का? मग सूचना कुठे आहे? — दादर

तुझा प्रश्न वाचून मी इतकी हसले की चहा सांडला. नाही रे बाबा, 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक' वाला एन. बी. नाही तो. नॉर्थ ब्रिटन. इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर स्कॉटलंडला नॉर्थ ब्रिटन म्हणायची फॅशन आली होती आणि पत्रांवर, दगडांवर गावाच्या नावापुढे एन. बी. लिहायचे. आणि फॉरफरशायर म्हणजे आजचं अँगस, १९२८ साली नाव बदललं. आपण नाही का अजून व्ही. टी. म्हणत! तसंच एल्गिनशायर दिसलं तर मोरे, हॅडिंग्टनशायर दिसलं तर ईस्ट लोदियन.

आता तुझ्या इंजिनियरसाहेबांचं. इथे मेलेल्या स्कॉटिश माणसाचा शोध दोन टोकांकडून घ्यायचा. एक टोक मुंबईतलं. फोर्टात लायन गेटजवळ सेंट अँड्र्यूज चर्च आहे, १८१९ चं, ते इथल्या स्कॉटिश लोकांचं देऊळ, काळा घोड्याला जाताना शंभरदा त्याच्यावरून गेला असशील. कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या काळात इथल्या पाद्र्यांकडून बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याच्या फायली एन थ्री या क्रमांकाखाली. सन माहीत असेल तर शोधणं सोपं, बऱ्याचशा ऑनलाइनही आल्या आहेत. ब्रिटिश काळातल्या घराण्यांवर काम करणारी फिबिस म्हणून एक संस्था आहे, तिची शोधयादी फुकट आहे, तिथून सुरुवात कर.

पण दफनाच्या त्या नोंदीत नाव, वय, हुद्दा, कधी मृत्यूचं कारण मिळेल, आईबाप सहसा मिळत नाहीत. तिथे तू अडकणार. म्हणून दुसरं टोक, मॉन्ट्रोजचं. स्कॉटलंडात घरच्या दगडावर परदेशात मेलेल्या मुलांचीही नावं घालायची पद्धत आहे. आईबापाच्या नावांखाली ओळ येते, 'त्यांचा मुलगा अमुक, मुंबईत मृत्यू, वय २६'. कोणी जमैकात, कोणी कलकत्त्यात, कोणी समुद्रात. मी असा एक दगड बघितला त्यावर पाच भावंडं आणि पाच वेगवेगळे देश होते, आणि आईबाप दोघंच काय ते त्या मातीत. माणूस शिवडीला, नाव मॉन्ट्रोजला. म्हणजे दगडावर नाव आहे म्हणून खाली माणूस आहे असं धरायचं नाही, पण ते नाव लिहिणारे त्याचे घरचे होते एवढं पक्कं, आणि तुला तेच तर हवंय. मॉन्ट्रोज आणि आसपासच्या आवारांच्या छापील याद्यांमध्ये 'बॉम्बे' हा शब्द शोध. आडनावापेक्षा लवकर सापडेल.

शिवडीला जाताना आधी ऑफिसात विचारून जा, फोटो काढायला कोणी हरकत घेतली तर वाद घालू नकोस, लोकांची माणसं आहेत तिथे. आणि दुपारी बाराला जाऊ नकोस, ऊन डोक्यावर असलं की अक्षरं दिसतच नाहीत, का ते शेवटच्या उत्तरात सांगते. अवांतर : ज्याच्या मराठ्यांच्या बखरीला आपण दोनशे वर्षं नावं ठेवतोय तो ग्रँट डफ पण स्कॉटिशच, उत्तरेकडच्या बॅन्फ गावचा. गेटवे ऑफ इंडियाचा आर्किटेक्ट विटेट स्कॉटलंडातल्या ब्लेअर अ‍ॅथॉलचा. विल्सन कॉलेजचे विल्सन स्कॉटिश. तुझा प्रोजेक्ट वाढवायचा तर वाढतच जाईल.

प्रश्न : आमच्या शाळेच्या ग्रुपवर मैत्रिणीने स्कॉटलंडच्या कबरींचे फोटो टाकले, त्यावर कवटी आणि हाडं होती. ते लोक समुद्री चाचे होते का? आणि एका कबरीवर कात्री होती! — इयत्ता सातवी, मुलुंड

चाचे नव्हते गं, न्हावी-शिंपी-लोहार होते बिचारे! सतराव्या-अठराव्या शतकात तिकडे दगडावर कवटी, आडवी हाडं, वाळूचं घड्याळ, शवपेटी, कुदळ-फावडं असं कोरायची पद्धतच होती. अर्थ एवढाच की तू पण मरणार आहेस, विसरू नको. कधी पंखवालं छोटं तोंड असतं, तो उडून जाणारा आत्मा. तेव्हा बऱ्याच लोकांना वाचता यायचं नाही, चित्र मात्र सगळ्यांना कळायचं. आपल्याकडे गावाबाहेर वीरगळ असतात बघितलेस का? खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. एक अक्षर नाही, पण गोष्ट पूर्ण.

कात्री म्हणजे शिंपी, शेजारी इस्त्री पण असेल नीट बघ. मुकुट घातलेला हातोडा म्हणजे लोहार. अर्धचंद्रासारखी सुरी म्हणजे चांभार. धोटा म्हणजे विणकर, नांगराचा फाळ म्हणजे शेतकरी, लांब दांड्याचं पसरट उलथणं म्हणजे पाववाला, भट्टीत पाव सरकवायचं ते. इंग्रजी चार आकड्यासारखी खूण आणि तिला लटकवलेली अक्षरं दिसली तर तो व्यापारी. मी तो आकडा पहिल्यांदा बघितला तेव्हा वहीत इमानेइतबारे 'प्लॉट नंबर चार' असं लिहून ठेवलं होतं. डंडी शहराच्या मध्यात हाऊफ नावाचं कब्रस्तान आहे, मेरी राणीने १५६४ साली शहराला दिलेली जागा, तिथे शहरातल्या नऊ कारागीर संघांच्या बैठका भरायच्या, कबरींच्या मधोमध! आणि दगडांवर या सगळ्या धंद्यांच्या खुणा. नाव झिजून गेलं तरी कात्री राहते, आणि मग शिंप्यांच्या संघाच्या वह्यांमध्ये त्या सालातला माणूस शोधता येतो.

लोखंडी पिंजरा असलेली कबर दिसली तर भुताला कोंडलंय असं मैत्रिणीला सांगू नकोस. मेडिकल कॉलेजला विकायला लोक ताजी प्रेतं चोरायचे म्हणून नातेवाईक पिंजरे बसवायचे. १८३२ च्या कायद्याने कॉलेजांना प्रेतं रीतसर मिळायला लागली आणि तो धंदा बसला.

प्रश्न : आम्ही वसईचे, आमच्याकडे चर्चच्या आवारात काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडतात आणि आधीची हाडं भिंतीतल्या खणात ठेवतात. स्कॉटलंडमध्ये एका दगडावर दहा-दहा नावं कशी मावतात? तिथेही तसंच का? — वसई

तसंच आणि तसं नाही. तिथे कबरीच्या जागेला लेअर म्हणतात, कुटुंब ती विकत घेतं म्हणजे खरं तर तिथे पुरायचा हक्क घेतं, आणि मग खोल खणून एकावर एक, पुढच्या माणसाला जागा ठेवत. हाडं खणात काढून ठेवायची तुमच्यासारखी व्यवस्था नाही. त्यामुळे एका दगडावर आजोबांपासून नातसुनेपर्यंत सगळे. अक्षरांची वळणं बदलतात बघा, वरची नावं एका हातची, खालची दुसऱ्या, मध्ये कारागीर बदलला. ते वळण बदललं ती जागा वहीत टिपून ठेवायची कारण त्याच्या वरची सगळी नावं बहुतेक एकदम, एका माणसाच्या सांगण्यावरून कोरलेली असतात. लेअरची मालकी कोणाकडे हे दाखवणाऱ्या वह्या असतात. चर्चची जुनी आवारं आता बहुतेक स्थानिक कौन्सिलकडे आहेत, १९२५ च्या कायद्याने ती चर्चकडून निघाली, त्यामुळे वहीसाठी पाद्रीबाबांना नाही, कौन्सिलला विचारायचं. हे मला माहीत नव्हतं आणि मी एका बिचाऱ्या पाद्र्याचा अख्खा मंगळवार खाल्ला होता.

प्रश्न : एका साइटवर पैसे भरले, त्यांनी जावयाचं घराणं थेट क्लॅनच्या, म्हणजे तिकडच्या भावकीच्या, सरदारापर्यंत नेऊन दिलं, सोबत चौकटीच्या कापडाचा मफलरही. खरं मानावं का? — विलेपार्ले

मफलर वापरा, मुंबईत नाही पण महाबळेश्वरला चालेल. सगळे भोसले छत्रपतींच्या घरातले नसतात, तसंच. सरदाराच्या जमिनीवर राहणारी कुळंही त्याचं आडनाव लावायची. जुन्या दगडावर एक छोटा शब्द बघा, माणसाच्या नावापुढे 'इन' अमुक वाडी असेल तर तो तिथला कूळ, आणि 'ऑफ' अमुक वाडी असेल तर जमिनीचा मालक. दोन अक्षरांत सगळी ऐपत! तुमच्या मफलरवाल्यांनी 'इन'चं 'ऑफ' केलंय का तेवढं तपासा.

प्रश्न : मिसेसच्या आजोबांचे वडील स्कॉटिश, रेल्वेत होते. गावाचं नाव माहीत आहे, आवारातल्या सगळ्या दगडांचे फोटो आम्ही मागवले, आमचं नाव नाहीच. म्हणजे संपलं का? — कल्याण

अहो संपलं कसं? दगड परवडणाऱ्यांचेच असतात. बहुतेक माणसांना दगडच नव्हता, लाकडी खूण किंवा काहीच नाही, किंवा दगड होता आणि त्याचे पापुद्रे सुटून गेले, वालुकाश्माचं तसंच होतं. मग कागदाकडे जायचं. चर्चच्या पंचायतीकडे एक भारी काळं कापड असायचं, मॉर्टक्लॉथ, अंत्ययात्रेत शवपेटीवर घालायला ते भाड्याने द्यायचे आणि ते पैसे गरिबांच्या फंडात जायचे. ते भाडं हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असतं, अमुकच्या मुलासाठी लहान कापड, इतके पैसे. दफनाचं रजिस्टर नसलेल्या गावात ही एक ओळ मृत्यूची नोंद म्हणून चालते. मला तर दगडापेक्षा ती ओळच जास्त लागते मनाला, लहान कापड म्हणजे लहान मूल हे लगेच कळतं ना. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, गरिबांना माफ होता तरी बऱ्याच लोकांनी नोंदच केली नाही, त्यामुळे नेमकी ती अकरा वर्षं पोकळ दिसली तर तुमचा दोष नाही. आणि मिसेसचे पणजोबा रेल्वेत होते ना, मग मुंबई बाजूने त्यांच्या लग्नाची नोंद आधी काढा, पाद्र्यांच्या त्याच एन थ्री फायलींमध्ये. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव बऱ्याचदा असतं.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही टूरने स्कॉटलंडला जातोय, दोन दिवस मोकळे आहेत, मिस्टरांच्या मित्राच्या पूर्वजांचा दगड शोधून द्यायचाय. काय न्यायचं? दगड घासायला ब्रश, खडू वगैरे? — ठाणे

खडू नको, पीठ नको, शेव्हिंग फोम नको, आणि आपण तुळशीवृंदावन घासतो तो तारेचा ब्रश तर अजिबात नको. दगड दोनशे वर्षं टिकला आणि तुम्ही दोन मिनिटांत अक्षरं उडवाल. शेवाळं खरवडायचं नाही, कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही, आडवा झालेला दगड उचलायचा नाही आणि उभ्या दगडाला टेकून फोटो काढायचा नाही, ते कधी कधी खरंच अंगावर येतात. माती असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही वरची पोपडी सुटत नसेल तरच.

न्यायचं ते एवढंच : छत्री, टॉर्च आणि एक स्टीलचं ताट. हसू नका. झिजलेलं अक्षर समोरून बघून दिसत नाही, उजेड बाजूने, दगडाला अगदी घासून गेला पाहिजे म्हणजे खोबणीत सावली पडते. मला हे शिवडीत कळलं. भर दुपारी एका दगडासमोर अर्धा तास उभी होते, सपाट पाटीसारखा दिसत होता, चष्मा पुसून झाला, फोटो काढून झाले, काही नाही. तिथे डबा खात बसलेल्या एका मामांनी आपलं ताट धुतलं, उन्हात धरलं आणि त्याचा कवडसा दगडाच्या एका कडेने आडवा सोडला. आणि अक्षरं उठली! आधी एक वय, मग 'हिज' आणि मग 'मदर'. ताट दोन बोटं हललं की ओळ गेली, परत तिरकं केलं की आली. दगड आईने बसवला होता, मुलाचं वय २३. मी वाचत होते आणि मामा विचारत होते, काय लिवलंय?

स्कॉटलंडात ऊन मिळेलच असं नाही, तेव्हा छत्रीने दगडावर अंधार करायचा आणि दुसऱ्याने टॉर्च बाजूने धरायचा, म्हणून दोघं जा. फोटो आधी सगळ्या आवाराचा, मग दगडाचा शेजारच्या दगडांसकट, कारण सख्खे-चुलत शेजारी शेजारीच असतात, मग मजकुराचा, आणि मागची बाजू विसरू नका, जुन्या दगडांच्या पाठीवर पण कोरलेलं असतं. वहीत जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंग सुधारू नका, उलटा एन असेल तर उलटाच काढा. आय आणि जे एकच धरा, आय. एम. म्हणजे जॉन असू शकतो. पावसाळी बूट घ्या, गवत कायम ओलं. आणि ताट चेक-इनच्या बॅगेत टाका, वाटी-चमचा नको, नाहीतर एअरपोर्टवर लोकांना वाटेल तुम्ही डबा घेऊन चाललाय.